जोहारचा जवाब

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नांदगावहून डहाणूला माझ्या फुफींकडे गेलो होतो. सकाळी एक वारली बाई ताडगोळ्यांची टोपली घेऊन दारात आली. "जोहार, बाय," ती म्हणाली. माझा सहावीतला मुलगा फसकन हसला. फुफींनी टोपली उतरवायला हात दिला. "जोहार. बस गं सावलीला," त्या म्हणाल्या. बाई गेल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "तू सलाम केलास आणि समोरचा हसला, तर कसं वाटेल?" मुलगा गप्प झाला. खरं सांगते, मलाही मान वर करवेना. घरातून शिकवायला हवं होतं ते मीच शिकवलं नव्हतं.

जोहार हा काही अडाणी शब्द नाही. पालघरच्या किनाऱ्यावर वारली एकमेकांना जोहार करतात, तसाच दूर झारखंडमध्ये संथाळ आणि मुंडाही करतात. आपल्या संत चोखामेळ्यांच्या अभंगांतही जोहार आहे. जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. ती चित्रं आपण हौसेने दिवाणखान्यात लावतो, पण ती काढणाऱ्यांच्या जोहारला काय जवाब द्यायचा, हे आपल्याला ठाऊक नसतं.

हसण्याने काय होतं, ते मी लहानपणी सोसलंय. मुंबईचे पाहुणे आमच्या दख्खनी बोलीतल्या 'नक्को'ला हसायचे. मग मी त्यांच्यासमोर बोलणंच टाकलं. हा 'नक्को' तर आपल्या मराठी 'नको'चाच, शेजारधर्माने आलेला! लाजलेलं मूल आधी पाहुण्यांसमोर गप्प होतं, मग घरात, आणि पुढे आपल्या मुलांशीही ती बोली बोलत नाही.

याचा शेवट कुठे होतो, ते अंदमानात दिसलं. तिथल्या 'बो' भाषेच्या शेवटच्या जाणकार बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी वारल्या. वय सुमारे ८५. अखेरची कित्येक वर्षं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीच उरलं नव्हतं. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचे शब्द नोंदवून ठेवले, म्हणून ते वाचले. पण नोंदवहीतला शब्द दारात येऊन कुणाची खुशाली विचारत नाही.

आपल्या नांदगाव तालुक्यातही भिल्ल कुटुंबं आहेत. कांदा काढायला ती आपल्याच शेतात येतात. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून जास्त निघाले, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत भिली नाही. ते काम सरकारचं. आपल्या उंबऱ्यावरचं काम मात्र आपलं.

कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं, निदान तेवढं तरी परत करावं, ही कुरआनची शिकवण आहे. माणसांच्या भाषांचं वेगळेपण ही अल्लाहची निशाणी आहे, असंही त्यात सांगितलंय. मग त्या निशाणीला हसायचं कसं?

बहिणींनो, एवढं करा. कामावर येणाऱ्या बाईला विचारा, तुमच्यात भेटल्यावर काय म्हणतात? ती सांगेल तो शब्द मुलांकडून म्हणून घ्या. चुकला तर तीच हसून सुधारेल, आणि ते हसणं वेगळं असेल.

परतीच्या दिवशी ती बाई पुन्हा दारात आली. या वेळी जोहार आधी माझ्या मुलाने केला.