वॅटांचा बाजार

गणपतीत जयगडला गेलो की संध्याकाळी आरती, मग भजन, मग जेवणं आणि मग सगळ्यांनी मिळून पिक्चर, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. दोन वर्षांपूर्वी पिक्चर सुरू झाला की आप्पा उठून ओटीवर जाऊन बसायला लागले. विचारलं तर 'तुम्ही बघा रे, मला हे नवीन काही आवडत नाही' एवढंच. आम्हीही म्हटलं, वयाप्रमाणे होतं असं. तिसऱ्या दिवशी मुद्दाम जुनं नाटक लावलं, त्यांचं जवळजवळ पाठ असलेलं. तेव्हाही उठले. मग आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "अरे, त्यांना बोललेलं कळत नाही. तुझ्या त्या मशीनमुळे."

ते मशीन मीच आणलं होतं. पाच पिटुकले स्पीकर, एक सबवूफर आणि खोक्यावर चार आकडी वॅट. दुकानदाराने गाडी उडण्याचा सीन लावून दाखवला होता. "साहेब, बेस बघा बेस!" काउंटरवरची काच थरथरली आणि मी पैसे मोजले. तिथे दोन माणसं नुसती बोलतायत असा सीन कुणी लावला नाही, आणि मीही मागितला नाही. चूक माझी, पण बाजार अशाच चुकांवर उभा आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी ते वॅट. खोक्यावर जो भलामोठा आकडा छापलेला असतो आणि शेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ, त्याला कसलंही सर्वमान्य मोजमाप नाही. कंपनीला वाटेल तो आकडा. बघायचा असतो तो आरएमएस, म्हणजे ॲम्प्लिफायर सलग किती ताकद देऊ शकतो तो. आमच्या जयगडला १२०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. तेवढे वॅट दाखवायला त्यांना एवढी मोठी जागा लागते, आणि इथे चहाच्या ट्रेएवढ्या डब्यात हजारो वॅट! असो.

गंमत म्हणजे घरात वॅट लागतातच किती? स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, समजा ८८ डेसिबल. अर्थ असा की एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. असे दोन स्पीकर असले तर तीन मीटरवर बसलेल्या माणसाला ऐंशीच्या आसपास मिळतो. घरातलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे बोलणं ऐकायला एक वॅटसुद्धा जास्तच झाला. आणि दहाचे शंभर वॅट केले तर आवाज दहापट होत नाही, कानाला जेमतेम दुप्पट वाटतो. वॅटांमागे धावणं म्हणजे एस्टीत जागा मिळावी म्हणून मोठी पिशवी नेण्यातला प्रकार.

मग आप्पांना ऐकू का येत नव्हतं? कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सांगितलं की वयामुळे वरच्या पट्टीतलं कमी झालंय, यंत्राची गरज अजून नाही. आता वरच्या पट्टीत काय असतं, तर व्यंजनं. पाट, पाठ आणि पात यांत फरक करणारा तो लहानसा आवाज साधारण २००० हर्ट्झच्या वर असतो. स्वरांचा जोर खाली असतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला 'कुणीतरी बोलतंय' हे कळतं, 'काय बोलतंय' ते कळत नाही. त्यात सबवूफर घुमायला लागला की उरलंसुरलंही बुडतं. आवाज वाढवला तर धडाधड वाढते, शब्द तिथेच.

आणि त्या पिटुकल्या स्पीकरांचं खरं दुखणं वेगळंच आहे. हाताच्या पंजाएवढ्या डब्यातून खालचा आवाज निघतच नाही, म्हणून तो १५०-२०० हर्ट्झपर्यंत सबवूफरकडे सोपवलेला असतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ. म्हणजे पडद्यावर बाप मुलाशी बोलतोय, त्याचा घसा टेबलाखालच्या डब्यात आणि ओठ भिंतीवरच्या डबीत! धडधाकट कानाचे आपण ते जोडून घेतो. आप्पांना ते जोडता येत नव्हतं, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पैसे मोजकेच असतील तर ते पाच-सहा डब्यांत वाटून टाकू नका. त्याच पैशात दोन बरे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर आणि एक साधा दोन चॅनलचा ॲम्प घ्या.

यावर लोक हमखास म्हणतात, एवढी उंच खोकी हवीत कशाला, हल्ली छोट्या स्पीकरातूनही बेस येतो की. येतो, फुकट येत नाही. १९५४ साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी बंद छोट्या खोक्यातून खोल बेस काढून दाखवला आणि तेव्हापासून स्पीकर लहान झाले, हे खरं. पण केएलएच कंपनीतल्या हॉफमन यांनी मांडलेला हिशेब अजून कुणाला चुकवता आलेला नाही. छोटं खोकं, खोल बेस आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज या तिन्हींतल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. छोटं खोकं घेतलंत तर दणकट ॲम्प लागतो, शिवाय चांगला बुकशेल्फ स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवायला स्टँड लागतात, आणि बऱ्या स्टँडची किंमत ऐकली की चक्कर येते. उभ्या स्पीकरला त्याचं खोकं हाच स्टँड. सबवूफरशिवाय भजनातला मृदंग दोन्ही अंगांनी वाजतो. भिंतीला खिळे नाहीत, मागच्या स्पीकरपर्यंत सतरंजीखालून नेलेल्या (आणि उंदरांनी खाल्लेल्या) वायरी नाहीत.

आता एक मोठा घोटाळा. बाजारात 'टॉवर स्पीकर' म्हणून जे मिळतं, दिवे लुकलुकतायत, माईक लावायची सोय, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, ते मी म्हणतोय ते नव्हे. ती नुसती उंच केलेली डबडी असतात. वाकून बाजूला टकटक करा. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखं वाजलं तर पुढे चला. यॉर्कशरमध्ये १९३२ साली व्हार्फडेल सुरू करणारे गिल्बर्ट ब्रिग्ज खोकं थरथरू नये म्हणून स्पीकरच्या फळ्यांत चक्क वाळू भरायचे. त्यामुळे दुकानात एकट्याने सहज उचलता आला तर त्या उभ्या स्पीकरवर संशय घ्यावा, असा माझा नियम आहे.

जयगडसारख्या ठिकाणी आणखी काही बघावं लागतं, जे पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत नसतं. वूफरच्या काठाला रबर आहे की फोम? फोम असेल तर आमच्या दमट खाऱ्या हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो. वायर अडकवायच्या पितळी खुंट्यांवर हिरवं चढतं, ते वर्षातून एकदा पुसावं लागतं. खोकं एमडीएफचं असतं आणि पावसाळ्यात पाझरणाऱ्या फरशीवर ठेवलं तर खालून फुगतं. आम्ही कडप्प्याचे दोन तुकडे खाली घातलेत. त्याने फुगणं थांबलं आणि मांजर अंग घासायला आलं तरी खोकं डगमगत नाही.

आणि खोली. आमची टीव्हीची खोली मागची, स्लॅबची. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो, त्यामुळे स्पीकर कोपऱ्यात कोंबले की मृदंगाचं पिंप होतं. भिंतीपासून हातभर पुढे ओढले. गुळगुळीत फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला आईच्या गोधड्यांची चळत. एवढ्याने जो फरक पडला तो कुठल्याही महागड्या केबलने पडला नसता. (सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलवर एकदा वेगळं लिहीन. आज रक्तदाब वाढवायचा नाही.)

खोट सांगायलाच हवी. सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलवर असतात. दोनच स्पीकर असले की टीव्हीचा आवाज स्टिरिओवर ठेवावा लागतो. मग संवाद दोहोंच्या मधून आल्यासारखा वाटतो, पण मधे बसणाऱ्यालाच. गणपतीत पंधरा माणसं बसली की कडेच्याला जवळचाच स्पीकर ऐकू येतो. त्यावर उपाय म्हणजे पुढे पैसे जमले की एव्ही रिसीव्हर आणि त्याच मालिकेतला सेंटर घेणं. उभे दोन तसेच राहतात. तयार संचाचं तसं नाही, त्याचा ॲम्प गेला की पाचही स्पीकर अडगळीत, कारण खुंट्या त्यांच्या त्यांच्याच. एचडीएमआयच्या आवृत्त्या बदलत राहतात, तांब्याच्या दोन वायरी बदलत नाहीत. म्हणूनच जुने घ्यायलाही घाबरू नका. साउंडबार आला म्हणून उभे स्पीकर काढून टाकणारे शहरात पुष्कळ आहेत. आमची जोडी मुंबईहून तशीच आली, रबर दाबून आणि ट्वीटर कान लावून तपासून घेतलेली.

दुकानात जाल तेव्हा गाडी उडण्याचा सीन लावू देऊ नका. ओळखीच्या माणसाचं बोलणं पेनड्राइव्हवर घेऊन जा, ते अगदी हळू आवाजात लावा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. दुकानदार हसेल. हसू द्या.

गेल्या गणपतीत तेच नाटक पुन्हा लावलं. आप्पा खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या अंकात नटाने एक वाक्य गाळलं, तर ते मोठ्याने म्हणाले, "खाल्लंन बघ!" आणि मग मला म्हणाले, "जरा बारीक कर. ओरडतोय उगाच."