वाटपाची खुर्ची आणि मापाची खुर्ची

गेल्या महिन्यात जिल्ह्यातील एका गावी अपंगांना साहित्य वाटण्याच्या कार्यक्रमास अध्यक्ष म्हणून जाण्याचा प्रसंग आला. कार्यक्रम आपल्याच कार्यकर्त्यांनी भरविला होता. मांडवात चाकाच्या चाळीस खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या आणि चाळीसही एकाच मापाच्या होत्या. त्यांवर बारा वर्षांच्या मुलीपासून पाठीचा कणा दुखावलेल्या सहा फुटी पैलवानापर्यंत सर्वांना बसविण्यात आले. हार झाले, छायाचित्रे झाली. मी समतेवर बोललो. परतताना मात्र स्वतःची लाज वाटली, कारण अशी खुर्ची माणसाचे काय करते हे मी माझ्या घरात पाहिलेले आहे.

माझी धाकटी बहीण चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली आणि मज्जारज्जूला इजा होऊन तिचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. इस्पितळातून घरी आणताना आम्ही दुकानात मिळाली ती खुर्ची घेतली. लोखंडी, घडीची, वीस किलोंची, अठरा इंच रुंद बैठकीची. तिची कंबर चौदा इंच रुंद. दोन्ही बाजूंच्या त्या दोन-दोन इंचांत काय अनर्थ दडला आहे, हे जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसास कळले नाही. ती एका अंगावर कलून बसू लागली. पाठीचे कापड झोळीसारखे सैल पडून पाठीला बाक आला, कलत्या बाजूच्या हाडावर भार येऊन तेथे व्रण झाला आणि तो भरून येण्यास पाच महिने लागले. संवेदना नसलेला अवयव तक्रार करीत नाही, त्यामुळे आम्हांस कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेप घेऊन तिचे माप घेतले. ही रीत अवघड नाही आणि प्रत्येक कार्यकर्त्यास ती ठाऊक असावी असे माझे मत आहे. बैठकीची रुंदी कमरेइतकी, बाजूने सपाट हात जेमतेम सरकावा एवढीच. तिची खोली अशी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची फट राहावी. बैठक याहून लांब असेल तर माणूस पुढे घसरत राहतो. पाय ठेवण्याचा पाट अशा उंचीवर असावा की सबंध मांडी गादीवर टेकेल, आणि तरीही तो जमिनीपासून दोन इंच वर राहील. पाठ खांद्याच्या पात्याखाली संपली म्हणजे हात मोकळे मागे जातात. ज्याला धड सावरता येत नाही त्याला मात्र उंच पाठ लागते. सर्वांत महत्त्वाचा मागच्या चाकाचा आस. हात खाली सोडले असता बोटांची टोके आसापाशी यावीत आणि हात कड्याच्या माथ्यावर ठेवला असता कोपर काटकोनाहून थोडे अधिक उघडे राहावे. आस जितका पुढे, तितका पुढच्या लहान चाकांवरील भार कमी आणि ढकलणे हलके. परंतु फार पुढे घेतल्यास खुर्ची मागे उलटते. नवशिक्याने तो मागे ठेवावा, उलटणे रोखणाऱ्या चाकल्या लावाव्यात आणि सराव होईल तसतसा आस बोटाबोटाने पुढे घ्यावा.

घडीची खुर्ची सोयीची, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. तिच्या सांध्यांत हाताचा जोर वाया जातो आणि पायांचे काम हातांवर आल्यामुळे आधीच थकलेले खांदे काही वर्षांत निकामी होऊ लागतात. बहिणीची आताची खुर्ची एकसंध चौकटीची, दहा किलोंची आहे. कळ दाबली की चाके निघतात, पाठ पुढे पडते आणि खुर्ची रिक्षात सहज मावते. आपल्या रस्त्यांचा विचार करून पुढची चाके चार इंची न घेता सहा इंची घेतली. मागे हवेचे टायर घेतले, कारण त्यांचे पंक्चर राजारामपुरीतील कोणीही सायकलवाला काढून देतो. गादी वेगळी आणि चांगली घ्यावी लागली. तिच्यावर बसूनही दर अर्ध्या तासाने अंग उचलावे लागतेच.

ही खुर्ची सामान्य माणसापर्यंत का पोहोचत नाही? घडीची खुर्ची अमेरिकेत १९३० च्या दशकात एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोघांनी रूढ केली. त्यातील एव्हरेस्ट स्वतः खाणीतील अपघाताने अपंग झालेला होता. तेव्हा ती मुक्तीच होती. पुढे त्यांच्या कंपनीचे बाजारावर इतके प्रभुत्व झाले की १९७७ साली अमेरिकी सरकारला तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरावा लागला. हलकी ॲल्युमिनियमची खुर्ची त्या कंपनीतून आली नाही. हँग ग्लायडिंगच्या अपघातात पाय निकामी झालेल्या मॅरिलिन हॅमिल्टन यांनी ग्लायडर बनविणाऱ्या मित्रांकडून ती आपल्यासाठी करून घेतली. आपल्याकडे मक्तेदारीची जागा निविदेने घेतली आहे. खरेदी करणारा वेगळा, बसणारा वेगळा. खरेदी करणाऱ्यास नगसंख्या दाखवावयाची असते, म्हणून सर्वांत कमी दराची, एकाच मापाची खुर्ची येते. केंद्राची साहाय्य योजना १९८१ पासून आहे, कानपूरचा सार्वजनिक क्षेत्रातील अलिम्को कारखाना १९७२ चा आहे. म्हणजे यंत्रणा नव्हती असे कोणी म्हणू नये. खुर्ची देणे म्हणजे माप, जुळवणी, शिक्षण आणि पुढील दुरुस्ती हे सर्व देणे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच सांगितले. त्यानंतर २०१७ साली आपण या खुर्चीवर ५ टक्के जीएसटी मात्र बसविला. ('अपंग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणण्याचा आग्रह त्याच्या थोडा आधीचा.)

कोल्हापुरास हा प्रश्न नवा नाही. ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीस खिळलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली येथे 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' उभी केली आणि आपल्या आत्मचरित्राला 'चाकाची खुर्ची' हेच नाव दिले. याच शहरात ओतकाम, कातकाम आणि वेल्डिंगचे हात असलेले शिवाजी उद्यमनगर आहे. २०२५ साली आयआयटी मद्रासने माणसाच्या मापाने बनणारी नऊ किलोंची देशी खुर्ची पुढे आणली. तेव्हा हे तंत्र परदेशीच राहील असे मानण्याचे कारण नाही. मापाच्या खुर्च्यांची खात्रीची मागणी आली, तर आपले कारागीर ती पुरी करू शकणार नाहीत, हे मला पटत नाही. ती मागणी निर्माण करण्यास पैसा आहे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्चावयाचे आहेत. आपले सदस्य ज्या ग्रामपंचायतींत आणि पंचायत समित्यांत आहेत तेथे त्यांनी हा पैसा चाळीस सारख्या खुर्च्यांऐवजी दहा मापाच्या खुर्च्यांवर आणि दुरुस्तीवर खर्च करण्याचा ठराव मांडावा. दहाच का, असा प्रश्न उरलेले तीस जण विचारतील आणि तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात द्यावे लागेल. दहांची निवड मात्र शिफारशीवर होऊ नये. ज्यांना व्रण आहेत किंवा ज्यांना रोज कामावर जावयाचे आहे, ते आधी.

त्या गावच्या कार्यकर्त्यांना मी हे सर्व लिहून कळविले. प्रथम ते रागावले, आणि ते स्वाभाविक होते. वर्गणीसाठी ते दोन महिने उन्हातान्हात हिंडले होते. परवा त्यांचा निरोप आला की टेप घेऊन ते घरोघर जाऊ लागले आहेत. सुरुवात पैलवानापासून केली. बैठक त्यास दोन इंच अरुंद आहे, आणि महिन्याभरातच दोन्ही मांड्यांवर कातडी सोलवटली आहे.