व्यवस्थापनाची पदवी आणि कर्जाचे जोखड

व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण इथल्या संस्थेत घ्यावे की परदेशातील नामांकित विद्यापीठात, हा प्रश्न आज अनेक मध्यमवर्गीय घरांतून विचारला जातो. त्याची चर्चा मात्र प्रतिष्ठेच्या भाषेतच होते. संस्था क्रमवारीत कितवी, पहिला पगार किती, एवढ्यावर निर्णय ठरतो. जो विद्यार्थी उद्या इतरांच्या गुंतवणुकीचे हिशेब तपासणार, त्याच्याच घरातील सर्वांत मोठा हिशेब असा अपुरा राहतो.

तो हिशेब मांडून पाहावा. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला ७५,००० डॉलरांहून अधिक आहे आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. शिष्यवृत्ती नसेल तर खर्च कोटीच्या बराच पुढे जातो. कर्ज १ कोटीच धरले, व्याज १० टक्के व मुदत १० वर्षे मानली, तरी मासिक हप्ता सुमारे १ लाख ३२ हजार रुपये येतो. शिक्षणकाळातील व्याज वेगळेच. रुपयांतील पगारातून हा हप्ता फेडणे बहुतेकांना अशक्य. म्हणजे डॉलरमध्ये कमावणे भाग पडते.

परंतु ती कमाई विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरांचे शुल्क लादले. तेथेच शिकून परवाना बदलून घेणाऱ्यांना नंतरच्या खुलाशाने त्यातून वगळण्यात आले, हे खरे. तथापि एका सहीने नियम पालटू शकतात, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. नियम पालटले तरी राहत्या घरावरचे तारण पालटत नाही.

मग इथल्या संस्था निर्दोष आहेत काय? तसेही नाही. कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये सार्वजनिक साहाय्यावर उभ्या राहिल्या. २०१७ च्या कायद्याने अशा संस्थांना व्यापक स्वायत्तता मिळाली. आज अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क २५ लाखांपुढे आहे. वरच्याच अटींवर २५ लाखांचा हप्ता ३३ हजार होतो. तो परदेशी कर्जाच्या चौथाईएवढा असला, तरी सहकारी दूध संघात किंवा जिल्हा बँकेत जाऊ पाहणाऱ्या तरुणाचे पाय मागे ओढण्यास पुरेसा आहे. ग्रामीण उत्पादकांच्या संस्थांना व्यवस्थापक मिळावेत म्हणून १९७९ मध्ये आणंद येथे वेगळी संस्था काढावी लागली, ती उगाच नव्हे.

परदेशी विद्येला विरोध करण्याचे कारण नाही. तेथील अध्यापक, ग्रंथालये आणि जगभरचे सहाध्यायी यांचा लाभ खरा आहे. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजमध्ये शिकले. पुढे त्यांनी पुण्याची गोखले संस्था घडवली आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याला आपले अर्थशास्त्र दिले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीलाही अट होती. पण ती संस्थानच्या सेवेची होती. आजच्या कर्जाची अट सर्वाधिक पगार देईल त्याच्या सेवेची आहे.

म्हणून निवडीची कसोटी क्रमवारी नव्हे. पदवी मिळाल्यावर पहिली पाच वर्षे कोणते काम नाकारण्याची मोकळीक उरेल, हे प्रत्येक कुटुंबाने विचारावे. भरीव शिष्यवृत्ती असेल, किंवा इथे न मिळणारी विद्या तिथे असेल, तर जरूर जावे. केवळ नावासाठी घर गहाण पडणार असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेसारखा कमी खर्चाचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

मात्र सारा भार कुटुंबाच्या शहाणपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून शैक्षणिक देण्याची परतफेड उत्पन्नाशी बांधली. उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर हप्ता नाही. निदान सार्वजनिक संस्थांत शिकणाऱ्यांसाठी अशी व्यवस्था भारतात व्हावयास हवी. तसे होईल तेव्हाच विद्यार्थी सावकाराला नव्हे, आपल्या बुद्धीला विचारून काम निवडू शकेल.