वावर भाड्याने, मग वीज कुणाची?



सौर कंपनीचे कागद पिशवीत घेऊन आलेला शेतकरी आता प्रत्येक बैठकीत भेटतो. "भाऊ, सही करू का?" हा त्याचा एकच प्रश्न.

राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत २०२३ पासून हेक्टरी किमान सव्वा लाख, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार रुपये वार्षिक भाडे आहे. वर्षाला तीन टक्के वाढ. कोरडवाहू पऱ्हाटीत खर्च वजा जाता एवढे कधी उरले? हात सहीकडे जातो, त्यात दोष नाही. वैजापूर तालुक्यात धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ साली सुरूही झाला. दिवसा वीज तर आपलीच मागणी.

पण हिशेब मांडा. एका मेगावॅटला साधारण पाच एकर लागतात; भाडे अडीच लाख. वर्षाला वीज अंदाजे पंधरा लाख युनिट. तीन रुपयांनी पंचेचाळीस लाख. उभारणीला कोट्यवधी लागतात, हप्ते त्यातूनच जातात, हे खरे. तरी ऊन आपले, वावर आपले आणि वाटा एवढाच? वर पीक बंद, कडबा बंद, निंदणाऱ्या बायांची मजुरी बंद. गोसीखुर्दात गेलेली जमीन परत येत नाही, ही निदान भाड्यानेच जाते, असे काही जण म्हणतात. विजेचा करार पंचवीस वर्षांचा. तोवर धुरा कुठे होता हे सांगायला कोण उरेल?

दोन्ही एकत्र होऊ शकते. जोधपूरच्या केंद्रीय संस्थेने पॅनेलच्या ओळींमध्ये मूग, मटकी घेऊन दाखवली. पॅनेलवरचे पावसाचे पाणीही साठवले. जपानने २०१३ मध्ये शेतावर पॅनेलला परवानगी देताना अट घातली: उत्पन्न नेहमीच्या ऐंशी टक्क्यांखाली जाता कामा नये. आपल्या योजनेत अशी अट का नसावी?

एक मात्र कृषी पदवीधर म्हणून सांगतो. पॅनेलखाली कापूस घ्या म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सावलीत पात्या गळतात. ज्वारीला भरपूर ऊन लागते, आणि उंच ज्वारी उलट पॅनेलवरच सावली टाकते. ओळींमध्ये मूग, उडीद, भुईमूग अशी बुटकी पिके. कापूस-ज्वारी उरलेल्या वावरात. खांबांमधून बैलजोडीचा डवरा वळला पाहिजे, एवढे अंतर करारात मीटरमध्ये लिहून घ्या. "पुरेसे अंतर" हा शब्द कोर्टात कामाचा नाही.

केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेने शेतकऱ्याला, त्याच्या सहकारी संस्थेला किंवा उत्पादक कंपनीला अर्ध्या ते दोन मेगावॅटचा स्वतःचा प्रकल्प उभारून वीज विकण्याची वाट दिली. पिकाच्या जमिनीवर उंच खांबांची मुभाही दिली. एकट्याला कर्ज झेपणार नाही. पाच-दहा धुरेकरी मिळून काय जमते, ते जवाहरनगरला बोलू.

येताना कराराची झेरॉक्स आणा. कागद इंग्रजीत असेल तर आधी मराठी प्रत मागा. ती हाती येईपर्यंत सही नाही.