नोंदणी झाली, मालक कोण?

17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शेकडो एके-47 रायफली टाकण्यात आल्या. राज्यात डाव्या आघाडीचे सरकार होते. लातव्हियात रीतसर नोंदलेले ते विमान पुढे कोलकात्यात उतरून बिनदिक्कत थायलंडला गेले. कोलकात्याच्या हातरिक्षावाल्याला मात्र परवान्याचा बिल्ला जवळ बाळगावा लागत असे!

2025 साली खाजगी वापराच्या विमानांवर 40 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. धनिकांवर कर हवाच. परंतु कर अथवा नोंदणीशुल्क भरल्याने विमानाचा खरा धनी व त्याचा हेतू उघड होत नाही. खऱ्या मालकाचे नाव जाहीर व्हावे आणि प्रत्येक उतरत्या खाजगी विमानाची कसून तपासणी व्हावी, ही मागणी पक्षसभासदांनी जनतेत नेली पाहिजे.