फुगा सोडणारे आणि पेटी शोधणारे

गेल्या पालक सभेत हवामान-फुग्याच्या उपक्रमाचा विषय निघाला, तेव्हा एक पालक उभे राहून म्हणाले, "सर, आमची पोरं आम्ही शिकायला ठेवली, फुगे उडवायला नाही." ऊसतोडीच्या फडावर राबून मुलाला वसतिगृहात ठेवणाऱ्या बापाला असा हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या दिवशी वेळ अपुरा पडला. म्हणून आमचे उत्तर या स्मरणिकेतून देत आहोत.

हौशी मंडळी घरी तयार करतात त्या फुग्याची रचना साधी असते. लॅटेक्सचा मोठा फुगा, त्यात हेलियम वायू, खाली पॅराशूट आणि त्याखाली थर्माकोलची पेटी. पेटीत तापमान व वायुदाब मोजणारी साधने, कॅमेरा, जीपीएस आणि लहान रेडिओ प्रक्षेपक. फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटर या वेगाने चढतो, म्हणजे ३० किलोमीटर उंची गाठायला १०० मिनिटे लागतात. हे गणित आठवीचा विद्यार्थी तोंडी करील. त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या जवळजवळ शंभरावा हिस्सा उरतो. फुगा फुगत जाऊन फुटतो आणि पेटी पॅराशूटने खाली येते. २००९ साली अमेरिकेतील एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी शीतपेटी, साधा कॅमेरा आणि जीपीएस असलेला मोबाईल वापरून अवघ्या १४८ डॉलर खर्चात सुमारे २८ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची छायाचित्रे मिळवली होती.

या छंदाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८९२ साली पॅरिसमध्ये गुस्ताव एर्मित आणि जॉर्ज बेझांसाँ या दोन हौशी गृहस्थांनी कागदाचे लहान फुगे सोडले. सोबत कार्डे जोडली आणि ज्याला ती सापडतील त्याने परत पाठवावीत, अशी विनंती केली. पुढे तेसराँ द बोर या हवामानशास्त्रज्ञाने सरकारी नोकरी सोडून, पॅरिसजवळ त्राप येथे स्वखर्चाने वेधशाळा उभारली आणि दोनशेहून अधिक फुगे सोडले. सुमारे ११ किलोमीटरच्या वर तापमान घटण्याचे थांबते, हे त्याने १९०२ साली जाहीर केले. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला स्थितांबर म्हणतो, त्याचा हा शोध.

मात्र त्या काळी फुग्यासोबत रेडिओ नव्हता. नोंदी पेटीतल्या यंत्रावरच उमटत. पेटी सापडली नाही, तर सारे श्रम वाया. ती कोणाच्या तरी शेतात पडे, कोणीतरी उचले आणि न मोडता परत करी. शोध लावणाऱ्याचे नाव ग्रंथांत राहिले. पेटी उचलून देणाऱ्यांची नावे आम्हांला कुठल्याही पाठ्यपुस्तकात आढळली नाहीत. इतिहास शिकवताना ही उणीव आम्हांला नेहमी बोचते.

हा प्रसंग आपल्याकडेही घडत आला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून मोठे संशोधन-फुगे सोडले जातात. त्यांची उपकरणे मराठवाडा-विदर्भातही उतरू शकतात, म्हणून 'पेटी उघडू नका, पोलिसांना कळवा' अशी सूचना वेळोवेळी प्रसिद्ध होते. म्हणजे पेटी जपून देणाऱ्यांत आपली माणसे धरलेली आहेतच. ते काम कमी मोलाचे नाही. पण आमचे म्हणणे इतकेच की, आपल्या मुलांनी पेटी भरणाऱ्यांत आणि फुगा सोडणाऱ्यांतही असावे. तेसराँ द बोर श्रीमंत होता, म्हणून त्याला हा छंद परवडला. छंद श्रीमंतांनीच करावा आणि आपण केवळ परीक्षेपुरते शिकावे, ही वाटणी आपण का मान्य करावी?

शिक्षण म्हणून पाहिले, तर फुगा सोडण्यापेक्षा त्याचा माग काढणे अधिक मोलाचे आहे. पावसाळ्यात महाराष्ट्रावर खालचे वारे पश्चिमेकडून येतात, तर बऱ्याच उंचीवर पूर्वेकडून जोरदार वारे वाहतात. या उंचावरील वाऱ्यांचा अभ्यास भारतीय शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात केला. म्हणजे फुगा आधी पूर्वेला जाईल आणि वर पोहोचल्यावर पश्चिमेला वळेल. पेटी कोठे उतरेल, हे मुलांनी आदल्या दिवशी फळ्यावर लिहावे आणि मग प्रत्यक्ष जागा पाहावी. अंदाज चुकला, तर तो सर्वांसमक्ष चुकेल. तेथे शिक्षकाचा अधिकार चालत नाही आणि पुस्तकाचाही नाही. गृहीतक मांडावे, ताडून पाहावे, चूक आढळली तर मोकळेपणी मान्य करावी, हा संस्कार व्याख्यानांतून होत नाही.

घाई मात्र आम्हांला नको आहे. विमानांचा मार्ग वर असतो, त्यामुळे विमान वाहतूक यंत्रणेच्या पूर्वपरवानगीशिवाय फुगा सोडू नये. रेडिओचे नियम पाळावेत. ज्वालाग्राही हायड्रोजन मुलांच्या हाती देऊ नये. पहिले वर्ष पर्जन्यमापक, वाऱ्याची नोंद आणि नकाशावाचन यांतच जावे.

पहाटे साडेपाचला आपल्या वसतिगृहात वंदनेसाठी मुले जमतात. त्याच सुमारास नागपूर, मुंबई आणि जगभरच्या शेकडो केंद्रांवरून हवामान खात्यांचे फुगे वर जात असतात. हे आमच्या मुलांना ठाऊक असावे आणि आपणही ते करू शकतो, असे त्यांना वाटावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ वा विमान वाहतुकीच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातले दोन रविवार शाळेला द्यावेत. आणि सभेत उभे राहिलेल्या त्या पालकांना आमची नम्र विनंती आहे की, पहिला फुगा जाईल त्या दिवशी त्यांनी यावे. पेटी शेतशिवारातच उतरणार, आणि शिवार त्यांच्याइतके आम्हां शिक्षकांना कळत नाही.