मोटरहोमसाठी जागा मोजून द्या : ताडोबासंबंधी निवेदन

प्रति,
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
प्रत : मा. क्षेत्र संचालक, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चंद्रपूर

विषय : ताडोबाच्या प्रवेशद्वारांबाहेर मोटरहोमसाठी मोजमापांसह आरक्षित करता येतील अशा जागा मिळणेबाबत.

महोदय,

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. धोरण स्वागतार्हच आहे. आमचे म्हणणे त्याच्या पुढच्या पायरीविषयी आहे. हॉटेलची खोली न पाहता घेतली तरी माणूस तीत मावतो, मोटरहोमचे तसे नाही. सात मीटर लांबीच्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो आणि फाटकासमोरच्या नालीच्या कडेला घासतो. छतावरचा एसी सागाच्या वाकलेल्या फांदीला नाहीतर सैल वायरीला अडतो. जागा उतरती असेल तर सिंकमधले पाणी निचरत नाही आणि झोपणारा रात्रभर कडेला घसरत राहतो. अशा गाडीसाठी ‘जागा उपलब्ध’ एवढेच वाचून पैसे भरणे हा जुगारच.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत हा प्रश्न मोजपट्टीने सोडवला आहे. ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक जागेपुढे गाडीची कमाल लांबी, ती सरळ आत जाते की रिव्हर्स घ्यावी लागते, जमीन कशी आहे, वीज आहे की नाही, हे लिहिलेले असते. योसेमिटी उद्यानातल्या अप्पर पाइन्स या मुक्कामाच्या तळावर मोटरहोमला 35 फुटांची मर्यादा आहे, आणि त्या संपूर्ण उद्यानात विजेची जोडणी कुठेच नाही. झायन उद्यानातल्या वॉचमन या तळावर ती मिळते. ग्लेशियर उद्यानातल्या घाटरस्त्याच्या मुख्य टप्प्यावर 21 फुटांहून लांब गाडीला बंदीच आहे. म्हणजे तिथेही सोयी सगळीकडे नाहीत. पण काय नाही, हे निघण्यापूर्वी कळते. ते कळवायला खर्चही फारसा येत नाही.

यावर पहिला आक्षेप वनखात्याचा असेल, आणि तो रास्त आहे : वाघाच्या जंगलात घराएवढ्या गाड्या कशाला? आम्ही गाभा क्षेत्रात एक इंचही मागत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिथे पर्यटनाच्या नव्या सोयी उभारता येतच नाहीत. मागणी मोहर्ली, कोलारासारख्या प्रवेशद्वारांबाहेरच्या गावांलगतची आहे. खरे तर सोय न करण्यातच जंगलाचे नुकसान अधिक. जागा नसली तरी गाडी कुठेतरी थांबतेच. मग जनरेटर घरघरतो आणि टाकीतले मैलापाणी अंधारात एखाद्या ओढ्याला सोडले जाण्याची भीती राहते. प्लग पॉइंट आणि सेप्टिक टाकीची जोडणी असेल तर या दोन्ही गोष्टींवर बंदी घालता येते व ती पाळलीही जाते.

दुसरा आक्षेप मागणीचा : अशा गाड्या आहेत तरी किती? थोड्याच आहेत. म्हणूनच आम्ही स्वतंत्र भव्य पार्क मागत नाही. पर्यटन महामंडळाच्या किंवा नोंदणीकृत खासगी निवासांच्या आवारात दोन-तीन सपाट, मुरूम दाबलेल्या जागा, नळ, अर्थिंग केलेला प्लग आणि मैलापाण्याची जोडणी एवढे पुरे. आठवडाभर आधीपर्यंत आरक्षण झाले नाही तर ती जागा इतर वाहनांना द्यावी.

आणखी एक बाब किरकोळ वाटेल, पण आमच्या मते तीच कळीची आहे. सफारीचा परवाना ठरावीक प्रवेशद्वाराचा असतो. मोहर्लीत मुक्काम आणि पहाटेची जिप्सी कोलाऱ्याची, असे झाले तर जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो. तेव्हा जागेचे आरक्षण त्याच प्रवेशद्वाराच्या परवान्याला आणि त्याच ओळखपत्राला जोडावे; जागा अडवून चढ्या भावाने विकणाऱ्यांनाही त्यामुळे आळा बसेल.

तरी पहिल्या टप्प्यात मोहर्ली व कोलारा येथे येत्या 1 ऑक्टोबरला हंगाम सुरू होण्यापूर्वी अशा जागा निश्चित करून त्यांची लांबी, रुंदी, वरची मोकळी उंची, उतार व विजेचा भार संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा आणि झालेल्या कार्यवाहीची लेखी माहिती आम्हांस द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
मोटरहोमने प्रवास करणारे पर्यटक